दारात उभा राहून मतदार जे सांगतो, त्यावर किती विसंबावे?

एडिसनकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मी न्यू जर्सीतील एडिसन येथे राहतो. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत आमच्या राज्याचा निकाल बहुधा आधीच गृहीत धरलेला असतो, त्यामुळे ज्यांना खरोखर काही काम करायचे असते असे इकडचे बरेच स्वयंसेवक डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनिया या अटीतटीच्या राज्यात जातात. 2024 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शनिवार-रविवारी मीही तेथील बक्स काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा विभाग) दारोदार फिरलो. कोणत्या पक्षासाठी फिरलो ते मुद्दाम लिहीत नाही, कारण ते लिहिले की धागा तिकडेच वाहवत जाईल, हे येथील जुन्या सभासदांना सांगायला नको.

कामाची पद्धत दोन्ही पक्षांची साधारण सारखीच असते. सकाळी स्थानिक कार्यालयात जायचे, आपल्या वाट्याला आलेल्या गल्ल्यांची यादी फोनवरील अ‍ॅपमध्ये उतरवून घ्यायची आणि निघायचे. यादीत प्रत्येक घरातील मतदाराचे नाव, वय, त्याने कोणत्या पक्षाकडे नोंदणी केली आहे आणि मागच्या कोणकोणत्या निवडणुकांत त्याने मतदान केले, एवढे दिसते. दार उघडले तर दोन-चार मिनिटे बोलायचे आणि फाटकाबाहेर आल्यावर त्या नावापुढे 1 ते 5 पैकी एक आकडा टाकायचा. 1 म्हणजे ठामपणे आपला, 5 म्हणजे ठामपणे समोरच्याचा आणि 3 म्हणजे कुंपणावरचा. दार उघडले नाही तर पत्रक दाराच्या मुठीला अडकवून पुढे जायचे. ते टपालपेटीत मात्र टाकायचे नाही, कारण तिकीट न लावलेला कागद त्या पेटीत टाकणे संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे.

लेव्हिटाउनमध्ये एक गृहस्थ गॅरेजमध्ये गवत कापण्याचे यंत्र उलटे करून त्याचे पाते पुसत बसले होते. वर न बघताच ते म्हणाले, "आज या गल्लीत आलेले तुम्ही तिसरे. मी कोणाला मत देणार आहे ते मी माझ्या बायकोलाही सांगितलेले नाही." मी 3 टाकला. त्याच रांगेतील एका बाईंनी माझे वाक्य पुरे होण्याआधीच "हो हो, नक्की" असे म्हणून पत्रक घेतले आणि हसून दार लावले. तेथे मी 1 टाकला. या दोन आकड्यांपैकी खरी माहिती कोणत्यात होती, हे मला तेव्हाही कळले नव्हते आणि आजही कळत नाही.

आमच्या नोंदी पाहिल्या तर 1 आणि 2 यांची भरती स्पष्ट दिसत होती. गंमत म्हणजे विरुद्ध पक्षासाठी त्याच भागात फिरणारे माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, त्यांच्या नोंदीही तितक्याच ठळकपणे त्यांच्या बाजूला झुकलेल्या होत्या. प्रत्यक्षात बक्स काउंटीत सुमारे 4 लाख मते पडली आणि ट्रम्प तेथे 300 हूनही कमी मतांनी पुढे राहिले. 1988 नंतर ही काउंटी प्रथमच रिपब्लिकन उमेदवाराकडे गेली.

यातून मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. दारात मिळणाऱ्या उत्तराला जनमत म्हणून काही किंमत आहे का? आणि अशा फिरण्याने मत खरोखर हलते, की आपण आपल्याच समाधानासाठी पायाला भिंगरी लावून घेतो? ज्यांनी हे काम केले आहे किंवा ज्यांचा यातील संशोधनाशी संबंध आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

आकडेमोड

एडिसनकर, आपल्या आणि आपल्या मित्राच्या नोंदी एकमेकींना छेद देत असूनही दोन्ही खऱ्या असू शकतात, कारण आपण दोघांनी एकाच काउंटीत फिरूनही एकच मतदार पाहिलेला नाही. पक्ष जी यादी स्वयंसेवकाच्या हाती देतो ती नमुना म्हणून निवडलेली नसते, ती गाळून घेतलेली असते. जो आपलाच असण्याची शक्यता अधिक आहे पण मतदानाला जाईलच याची खात्री नाही, अशांची नावे त्यात प्राधान्याने येतात. जो विरोधी पक्षाकडे नोंदलेला आहे आणि प्रत्येक निवडणुकीत मतदान करतो, त्याच्या दारापर्यंत आपल्याला कोणी पाठवतच नाही. त्यातही दार उघडणारे थोडे, आणि उघडणाऱ्यांत आपल्याशी बोलायला राजी असणारे आणखी थोडे. एवढ्या चाळण्यांमधून जे खाली उरते ते आपल्याला अनुकूल दिसले नसते, तरच नवल.

त्यावर माणसाच्या भिडेची भर पडते. दारात उभ्या असलेल्या, गळ्यात पक्षाचा बिल्ला असलेल्या सभ्य माणसाला तोंडावर नाही म्हणणे कोणालाही जड जाते. त्या बाईंचे "हो हो, नक्की" हे बहुतेक वेळा "आता निघा" असे सांगण्याचे सौम्य रूप असते. म्हणून माझ्या मते आपल्या 1 पेक्षा त्या गॅरेजमधील गृहस्थांचा 3 अधिक प्रामाणिक आहे, कारण उत्तर देण्यास दिलेला नकारही त्यात जसाच्या तसा नोंदला गेला आहे.

पद्धतशीर जनमत चाचण्या घेणाऱ्या व्यावसायिक संस्थांनाही हीच अडचण येते. 2016 मध्ये अनेक राज्यस्तरीय चाचण्यांनी उत्तरे देणाऱ्यांचे शिक्षण हिशेबात घेतले नव्हते. पदवीधर मंडळी चाचणीला अधिक उत्साहाने उत्तरे देतात आणि त्या वर्षी पदवीधर व बिगरपदवीधर यांच्या मतांत मोठी दरी पडली होती, त्यामुळे पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन या तिन्ही ठिकाणी अंदाज चुकले. पुढे ती दुरुस्ती करण्यात आली, तरी 2020 मध्ये चाचण्यांची चूक आणखी वाढली. ज्या माणसाचा संस्थांवर, माध्यमांवर विश्वास नाही तो चाचणीवाल्याचा फोनही घेत नाही आणि स्वयंसेवकाला दारही उघडत नाही. एकाच स्वभावाची माणसे दोन्ही ठिकाणी निसटतात. त्यामुळे दारातील अनुभवाने चाचणीचा आकडा पडताळून पाहू म्हणणाऱ्याची फसगत ठरलेली.

आता आपला दुसरा प्रश्न. येथे 'मत बदलणे' आणि 'मतदानाला बाहेर काढणे' या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात, कारण संशोधनाने त्यांची उत्तरे अगदी उलट दिलेली आहेत.

बाहेर काढण्याबाबत बराच भक्कम पुरावा आहे. अ‍ॅलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन या येल विद्यापीठातील दोघांनी 1998 मध्ये न्यू हेवन शहरातील सुमारे 30,000 मतदारांवर प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकून काहींच्या घरी माणूस पाठवला, काहींना पत्रे पाठवली, काहींना फोन केले आणि काहींना मुद्दाम मोकळे सोडले. ज्यांच्याशी समोरासमोर बोलणे झाले त्यांचे मतदान साधारण 9 टक्क्यांनी वाढले, पत्रांचा परिणाम जेमतेम दिसला आणि पैसे देऊन करवलेल्या फोनचा जवळजवळ शून्य. याच दोघांनी क्रिस्टोफर लॅरिमर यांच्यासह 2006 मध्ये मिशिगनच्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, आणखी धीट प्रयोग केला. काही घरांना असे पत्र पाठवले की त्यात त्या घराची आणि शेजाऱ्यांची मतदानाची मागील नोंद छापलेली होती आणि निवडणुकीनंतर अद्ययावत यादी पुन्हा सर्वांना पाठवू, असे बजावलेले होते. पत्र न मिळालेल्यांत 29.7 टक्के मतदान झाले, असे पत्र मिळालेल्यांत 37.8 टक्के. एका कागदाने 8 टक्क्यांची उडी घेतली, पण प्रत्यक्ष प्रचारात हे करण्यास पक्ष कचरतात, कारण लोक चिडतात आणि चिडण्याचे कारणही रास्त आहे.

अध्यक्षीय निवडणुकीत मात्र एकट्या दारभेटीचा परिणाम याहून कमी पडतो, कारण तेव्हा सगळ्या बाजूंनी इतका गदारोळ चाललेला असतो की आपले दोन शब्द त्यात विरघळून जातात. तरीही एकत्रित परिणाम मोठा असतो. रायन एनॉस आणि अँथनी फाउलर यांनी 2012 च्या निवडणुकीचा अभ्यास करताना नामी युक्ती वापरली. दूरचित्रवाणीच्या जाहिराती राज्याची सीमा पाहत नाहीत, पण दारोदार फिरणारे स्वयंसेवक पाहतात. म्हणून एकाच जाहिरात-क्षेत्रात येणारी, पण सीमेच्या अलीकडे-पलीकडे राहणारी माणसे त्यांनी ताडून पाहिली. अटीतटीच्या राज्यांत जमिनीवरील कामाने मतदान सरासरी 7 ते 8 टक्क्यांनी वाढल्याचे त्यांना आढळले. आपण नदी ओलांडून गेलात, त्या नदीच्या दोन काठांवर हाच फरक असतो.

मत बदलण्याबाबत मात्र चित्र निराशाजनक आहे. जोशुआ कल्ला आणि डेव्हिड ब्रुकमन यांनी 2018 मध्ये असे 49 प्रयोग एकत्र करून तपासले आणि सार्वत्रिक निवडणुकीत दारभेट, फोन, पत्रके या सगळ्यांचा उमेदवाराच्या निवडीवर होणारा सरासरी परिणाम शून्य, असा निष्कर्ष काढला. थोडा नव्हे, शून्य. निवडणूक जवळ आलेली असते, मतपत्रिकेवर पक्षाचे नाव असते आणि मतदाराने मन आधीच बनवलेले असते.

याच जोडगोळीची आणखी एक हकिकत येथे सांगण्याजोगी आहे. समलिंगी विवाहाविषयी दारात केलेल्या संवादाने मते टिकाऊ स्वरूपात बदलतात, असे सांगणारा एक निबंध 2014 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आला आणि त्याचा फार गाजावाजा झाला. ब्रुकमन आणि कल्ला यांनी त्याच धर्तीवर स्वतःचा अभ्यास सुरू करताना त्यातील आकडे तपासले, तेव्हा ती आकडेवारी विश्वासार्ह नसल्याचे त्यांच्या ध्यानात आले, आणि 2015 मध्ये तो निबंध मागे घेण्यात आला. मग त्यांनी मायामीत खरोखर प्रयोग केला आणि पारलिंगी व्यक्तींविषयीचा पूर्वग्रह सुमारे 10 मिनिटांच्या संभाषणाने कमी होतो व तो परिणाम काही महिने टिकतो, असे 2016 मध्ये दाखवून दिले. त्या संभाषणात स्वयंसेवक व्याख्यान देत नव्हता. मतदारालाच स्वतःचा एखादा अनुभव आठवायला लावून तो मुकाट्याने ऐकत होता. एका दुपारी जास्तीत जास्त दारे वाजवायची, असे उद्दिष्ट असलेल्या अध्यक्षीय प्रचारात तेवढी 10 मिनिटे कोण देतो?

---

कृष्णाकाठ

मी कराडचा. अमेरिकेत कधी पाऊल ठेवलेले नाही, पण बूथवर बसण्यात बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून चार ओळी लिहिण्याचे धाडस करतो.

तुमच्याकडे 5 नोव्हेंबरला मतदान झाले आणि आमच्याकडे विधानसभेचे 20 तारखेला. तुमचे हे 1 ते 5 आमच्याकडेही असते, फक्त ते अ‍ॅपमध्ये नसते. यादीच्या समासात पेन्सिलीने केलेल्या खुणांत असते आणि त्या खुणा वाड्यातलाच माणूस करतो. कोणाचे भाऊबंदकीत फाटले आहे, कोणाच्या मुलाचे काम कोणी करून दिले, सोसायटीच्या निवडणुकीत कोण कोणाबरोबर होता, हे ठाऊक असलेला माणूस मतदाराला काही विचारतच नाही. आमच्याकडे दारात जाऊन "मत कोणाला देणार?" असे विचारले, तर "तुम्ही सांगाल त्याला" हेच उत्तर प्रत्येक पक्षाला मिळते. मतदानाच्या दिवशी प्रतिनिधी यादीवर खुणा करत असतो, आणि दुपारनंतर राहिलेल्यांना आणण्यासाठी जी धावपळ होते तेच खरे काम. मत वळवणे वगैरे गोष्टी सभेत बोलायच्या.

मला चकित केले ते वेगळ्याच गोष्टीने. मतदार कोणत्या पक्षाकडे नोंदलेला आहे आणि त्याने मागे मतदान केले की नाही, हे तुमच्याकडे सरकारी यादीतच असते आणि ते कोणाही प्रचारकाच्या हाती पडते? आमच्याकडे असे काही कागदावर आले तर गावात तेढ माजेल. लोकांना याचा राग येत नाही काय?

---

बक्सवासी

कृष्णाकाठ, तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. मत कोणाला दिले हे अर्थातच गुप्त असते, पण मतदान केले की नाही आणि नोंदणी कोणत्या पक्षाकडे आहे, ही माहिती पेनसिल्व्हेनियात खुली आहे. 20 डॉलर भरून, ती निवडणूक किंवा राजकारण याच कामासाठी वापरू असे लिहून दिले की राज्यभराची यादी मिळते. येथे प्राथमिक निवडणुकीत फक्त त्या त्या पक्षाकडे नोंदलेल्यांनाच मत देता येत असल्याने ही नोंद ठेवावीच लागते. राग येणाऱ्यांना येतो. "माझे वय तुम्हाला कसे ठाऊक?" असे मला दारात कितीदा तरी ऐकावे लागले आहे.

एडिसनकर, मी तुम्ही जेथे फिरलात त्याच काउंटीत वीसएक वर्षे राहते आहे आणि दोन्ही पक्षांचे पाहुणे स्वयंसेवक दर चार वर्षांनी आमच्या पायऱ्या चढताना पाहते आहे. आकडेमोड यांनी मांडलेले संशोधन मला मान्य आहे, पण त्यात एक गोष्ट सपाट होऊन जाते. दार कोण वाजवतो, याने फार फरक पडतो.

2004 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची अध्यक्षीय उमेदवारी मिळवू पाहणारे हॉवर्ड डीन यांच्यासाठी देशभरातून सुमारे साडेतीन हजार स्वयंसेवक आयोवात उतरले होते. त्यांनी नारिंगी टोप्या घातल्या होत्या, त्यामुळे ते दुरूनही ओळखू येत. इतका उत्साह त्या वर्षी दुसऱ्या कोणाकडे नव्हता. निकाल लागला तेव्हा केरी 38 टक्के, एडवर्ड्स 32 टक्के आणि डीन 18 टक्क्यांवर तिसरे. पराभवाला इतरही कारणे होती, पण आयोवातील शेतकऱ्याच्या दारात परगावचा तरुण नारिंगी टोपी घालून उभा राहिल्याने काही जमले नाही, एवढे खरे. त्याच वर्षी ब्रिटनच्या 'गार्डियन' वृत्तपत्राने आपल्या वाचकांना ओहायोतील क्लार्क काउंटीच्या मतदारांना पत्रे लिहिण्याचे आवाहन केले. तिकडून संतापाची लाट आली आणि 2000 मध्ये डेमोक्रॅट गोर यांना निसटते मताधिक्य देणारी ती काउंटी 2004 मध्ये रिपब्लिकन बुश यांच्याकडे गेली.

चार वर्षांनी ओबामांच्या लोकांनी यातून धडा घेतला. मार्शल गॅन्झ हे जुने संघटक. सीझर चावेझ यांच्या शेतमजूर चळवळीत त्यांची जडणघडण झालेली. त्यांच्या मार्गदर्शनाखाली स्वयंसेवकांची शिबिरे भरवली गेली, आणि वस्तीतीलच माणसांचे गट बांधून त्यांच्यावर त्या वस्तीची जबाबदारी टाकण्याची पद्धत रुळली. दारात काय बोलायचे याचा ठरीव मसुदा पाठ करण्यापेक्षा, मी या कामात का पडलो हे स्वतःच्या शब्दांत सांगायला त्यांना शिकवले जाई. 2008 च्या जानेवारीत आयोवात डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवार निवडणाऱ्या सभांना सुमारे 2,39,000 माणसे आली. 2004 मध्ये तीच संख्या 1,24,000 च्या आसपास होती. कराडच्या वाड्यातला पेन्सिलवाला आणि आयोवातली ही शेजारीण यांची जात एकच आहे.

आमच्या काउंटीबाबत आणखी एक सांगते. आमचे मतदार एका पक्षाची री ओढत नाहीत. 2020 मध्ये बायडन येथून सुमारे 17,000 मतांनी पुढे होते, आणि त्याच मतपत्रिकेवर काँग्रेससाठी रिपब्लिकन ब्रायन फिट्झपॅट्रिक आरामात निवडून आले. वर एक आणि खाली दुसरा, असे मत देणारा माणूस तुमच्या 1 ते 5 मध्ये कोठे बसवाल? तुम्ही ज्याला 3 दिलात तो कुंपणावर नसेलही. दोन्ही बाजूंच्या दोन वेगळ्या माणसांबद्दल त्याचे मत पक्के असेल आणि तुम्ही विचारलेला प्रश्नच त्याला अपुरा वाटला असेल.

आणि दारातील गप्पांपेक्षा पक्की माहिती त्या काळात डोळ्यांसमोर होती. 2024 च्या उन्हाळ्यात बक्समधील रिपब्लिकन नोंदणीने बऱ्याच वर्षांनी डेमोक्रॅटिक नोंदणीला मागे टाकले. माणूस पक्ष बदलण्याचा अर्ज भरतो तेव्हा तो भिडेखातर भरत नाही.

स्वयंसेवकाचा खरा उपयोग मला शेवटच्या आठवड्यात दिसला, आणि तो मत वळवण्याचा मुळीच नव्हता. आमच्याकडे टपाली मतपत्रिकेला दोन लिफाफे असतात. मतपत्रिका आधी आतल्या गोपनीय लिफाफ्यात घालायची, मग तो बाहेरच्या लिफाफ्यात, आणि बाहेरच्यावर सही व तारीख. आतला लिफाफा विसरला की ते मत मोजले जात नाही. मतदानाच्या दिवशी रात्री 8 पर्यंत ते कार्यालयात पोहोचायला हवे; नुसता टपालाचा शिक्का पुरत नाही. माझ्या शेजारी एक वयस्क जोडपे राहते, त्यांनी दोघांच्या मतपत्रिका एकाच लिफाफ्यात कोंबून ठेवल्या होत्या. मी स्वयंपाकघरातील टेबलावर त्यांच्यासमोर बसले आणि कोणत्या लिफाफ्यात काय जाते ते तोंडी सांगत गेले. हात लावला नाही, कारण दुसऱ्याची मतपत्रिका हाताळणे आमच्याकडे चालत नाही. त्यांनी मत कोणाला दिले ते मला ठाऊक नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस डॉइल्सटाउन येथील काउंटीच्या निवडणूक कार्यालयापुढे प्रत्यक्ष जाऊन टपाली मतपत्रिका मागणाऱ्यांच्या रांगा लागल्या, काहींना परत पाठवले गेले, प्रकरण न्यायालयात गेले आणि बक्सपुरती मुदत 1 नोव्हेंबरपर्यंत वाढवून मिळाली. ही बातमी घरोघर पोहोचवणे हे त्या दिवसांत हजार पत्रकांपेक्षा मोलाचे होते. काउंटीचा निकाल 300 हून कमी मतांवर आला, हे ध्यानात घ्या.

---

नवा_विसाधारक

मी एच-वन-बी विसावर टेक्सासमध्ये आहे. मला मताधिकार नाही हे ठाऊक आहे, पण अशा कामात हात लावायला परवानगी तरी आहे का? कार्यालयातील सहकारी म्हणतात की यात पडूच नकोस.

---

आकडेमोड

संघराज्याच्या निवडणूक कायद्यानुसार परदेशी नागरिकाला मोबदला न घेता स्वयंसेवक म्हणून काम करता येते. दारे वाजवणे, फोन करणे, पाकिटे भरणे यांत अडचण नाही. देणगी मात्र एक डॉलरचीही देता येत नाही, प्रचारासाठी स्वतःच्या खिशातून खर्च करता येत नाही, आणि पैसा कोठे वापरायचा अशा निर्णयांत भाग घेता येत नाही. ग्रीन कार्डधारकांना देणगीची मुभा आहे. मताधिकार त्यांनाही नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोणी गर्दीत मतदार नोंदणीचा अर्ज पुढे केला तर भिडेने सही करू नका. नागरिक असल्याचा खोटा दावा केल्यास देशाबाहेर काढले जाऊ शकते, आणि "मला समजले नाही" ही सबब तेथे सहसा चालत नाही. तुमचे सहकारी जरा जास्त घाबरवत आहेत, पण या एका बाबतीत त्यांची भीती खरी आहे. शंका असेल तर आधी वकिलाला विचारा.

बक्सवासी, शेजाऱ्याच्या प्रभावाबद्दल तुमचे म्हणणे मी नाकारत नाही. एनॉस यांनीच ईटन हर्श यांच्यासह ओबामांच्या 2012 च्या कार्यकर्त्यांची पाहणी केली होती, तीत हे कार्यकर्ते ज्यांच्या दारात जात त्या मतदारांपेक्षा विचारांनी बरेच टोकाचे होते आणि त्यांना महत्त्वाचे वाटणारे प्रश्नही निराळे होते, असे दिसले. परगावाहून येण्याइतका ज्याला उत्साह आहे, तो सरासरी मतदारासारखा नसणारच. पण 2008 च्या आयोवाचा दाखला मी जपून वापरेन. त्या वर्षी उमेदवारही तसा होता, मागच्या सरकारवरील नाराजीही होती. सगळे श्रेय गटबांधणीला देता येणार नाही. 2016 मध्ये क्लिंटन यांची स्थानिक कार्यालये ट्रम्प यांच्यापेक्षा कितीतरी अधिक होती आणि पेनसिल्व्हेनिया सुमारे 44,000 मतांनी हातचे गेले. 2020 मध्ये साथीमुळे बायडन यांच्या प्रचाराने ऑक्टोबर उजाडेपर्यंत दारभेटी जवळपास बंदच ठेवल्या होत्या, ट्रम्प यांच्या लोकांनी त्या चालू ठेवल्या, आणि राज्य बायडन यांनी सुमारे 80,000 मतांनी जिंकले. 2024 मध्ये ट्रम्प यांच्या बाजूने हे काम मोठ्या प्रमाणावर बाहेरच्या गटांवर सोपवलेले होते, त्यात पगारी माणसे होती, आणि त्यांची आघाडी सुमारे 1,20,000 ची राहिली. या तीन निकालांवरून जमिनीवरील कामाचे माप काढू गेलो तर काहीच हाती लागत नाही.

---

एडिसनकर (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. आकडेमोड यांची 'गाळलेली यादी' मला पटली. माझ्या मित्राच्या आणि माझ्या नोंदींचे कोडे तिने सुटले.

बक्सवासी ताईंचे लिहिणे वाचून मात्र वेगळीच बोच लागली. आम्ही सगळे नदीपलीकडे धावत होतो तेव्हा आमच्या स्वतःच्या राज्यात काय चालले होते? न्यू जर्सीत 2020 मध्ये बायडन यांची आघाडी सुमारे 16 टक्क्यांची होती, 2024 मध्ये हॅरिस यांची ती 6 टक्क्यांच्या आसपास आली, आणि पसेइक काउंटी तर ट्रम्प यांच्याकडे गेली. एवढी उलथापालथ होत असताना माझ्या इमारतीत कोणत्याही पक्षाचा एकही माणूस फिरकला नाही. आमच्या मजल्यावर नव्याने नागरिक झालेले मराठी, गुजराती, तेलुगू असे कितीतरी वयस्क आहेत. त्यांच्या मतदानाची मागील नोंदच नसल्याने ते कोणाच्या यादीत वर येत नाहीत. संध्याकाळी बाकावर बसून ते अमेरिकेच्या राजकारणावर तासन्‌तास बोलतात, आणि मतदानाला गेलात का असे विचारले की निम्मे जण विषय बदलतात. माझा अंदाज असा की नोंदणी कशी करायची हे त्यांना कोणी नीट सांगितलेले नाही आणि विचारण्याचा संकोच वाटतो.

म्हणून आता प्रश्न असा, की एका गृहसंकुलापुरते हे काम करायचे असेल तर पक्षाच्या नावाखाली करावे की निष्पक्षपणे? आणि निवडणुकीच्या किती आधी?

---

बक्सवासी

गृहसंकुलात पक्ष आणू नका. एकदा बिल्ला दिसला की बाकावरील निम्मी मंडळी उठून जातील, आणि उरलेल्यांचे "हो हो, नक्की" सुरू होईल. फक्त नोंदणी, टपाली मतपत्रिकेचा अर्ज आणि मतदान केंद्राचा पत्ता, एवढ्यावर राहा. तुमच्या कुटुंबातील कोणी घरी तेलुगू बोलत नसेल तर त्या घरांसाठी तेलुगू बोलणारी शेजारीण शोधा. दुभाष्या म्हणून मुलाला किंवा सुनेला मध्ये घेतले की सासरे मोकळेपणाने काही विचारत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

वेळेचे म्हणाल तर न्यू जर्सीत नोंदणीची मुदत मतदानाच्या 21 दिवस आधी संपते, आमच्याकडे 15 दिवस आधी. त्यामुळे पेनसिल्व्हेनियाच्या हिशेबाने बेत आखू नका. नागरिकत्वाची शपथ झाल्यावर नोंदणी आपोआप झाली असे बऱ्याच जणांना वाटत असते; कोणी "माझी झाली आहे" म्हणाले तरी राज्याच्या संकेतस्थळावर नाव त्यांच्यासमोर पाहून घ्या. आणि 2028 ची वाट पाहू नका. अध्यक्षीय वर्षात बाकावरही कोणी ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नसते. शाळा मंडळाच्या किंवा नगरपालिकेच्या निवडणुकीच्या वर्षी सुरुवात केलीत तर चहा तरी मिळेल.